टाचण्या लावून घेतलेले अभिप्राय

माझे सासरे शिंपी आहेत आणि गेल्या वर्षापासून लेखकही आहेत. पहिल्या गोष्टीबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी शिवलेला कोट अंगावर चढवला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ होतो, आणि त्या कोटांची काजं मी करते, तुरपाई मी करते, म्हणजे त्या ताठपणात थोडा वाटा माझाही आहे. तक्रार आहे ती दुसऱ्या गोष्टीबद्दल. घरात लेखक असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळतं.

दुकान खाली, घर वर. मध्ये लाकडी जिना, त्याची चौथी पायरी करकरते. दुकानात एक भलंमोठं कटिंगचं टेबल आहे आणि त्या टेबलाखाली, माझी मुलगी लहान असताना, गुप्तहेर खात्याचं मुख्यालय होतं. ती चीफ. आजोबा तिचे हस्तक. एरवी ती त्यांना अहो-जाहो करायची, पण टेबलाखाली शिरली की थेट अरे-तुरे. "हस्तक, रिपोर्ट दे," असा आतून आवाज यायचा आणि माझे सासरे, तोंडात टाचण्या, कानावर खडू, गळ्यात टेप अशा अवतारात गुडघ्यांवर बसून रिपोर्ट द्यायचे. समोरच्या बेकरीवाल्यावर पाळत ठेव, असा हुकूम झाला की गिऱ्हाइकाची बाही अर्धी सोडून खिडकीशी उभे राहायचे. एकदा चीफने त्यांना पोस्टमनच्या मागावर पाठवलं. म्हातारा अख्ख्या गल्लीत भिंतींना चिकटून चिकटून त्याचा पाठलाग करत गेला, आणि शेवटी पोस्टमन आमच्याच दारात आला. घरात कुणीच नाही म्हणून तो परत फिरला, कारण सही करणारा माणूस त्याच्या पाठीमागेच खांबाआड लपला होता.

मग चीफ सोळा वर्षांची झाली. टेबलाखाली मावेनाशी झाली, दुकानात यायची बंद झाली. ढिगाने हेरकथा वाचायची, पण वर, कानात काहीतरी खुपसून. आजोबांनी काही विचारलं तर "हं" म्हणायची. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक लांब बोळकंडी. एक खोली आमची, एक सासऱ्यांची, आणि बोळकंडीच्या टोकाला, मोरीच्या वाटेवर, हिची खाट. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्या उशीला धक्का देऊन जातो. एके दिवशी जेवताना ती भडकली आणि म्हणाली की या घरात तिच्या नावाचं एक दारसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे ताटात बघितलं. तो बस चालवतो. दिवसभर भांडणं ऐकून आलेला असतो, घरात तो भांडणाच्या वेळी प्रवासी होतो. मी तिला दोन शब्द सुनावले. सासरे मात्र ताट अर्धवट सोडून उठले आणि बोळकंडी पावलांनी मोजून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की ते त्यांच्या धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार. आमच्या या आत्या दुसऱ्या गावी एकट्या राहतात, घर मोठं, खोल्या रिकाम्या, आणि कित्येक वर्षं "दादा, ये की रे" असं त्यांचं टुमणं चालू आहे. सासरे गेले की नातीला खोली मिळेल. इतकी वर्षं याच टेबलापाशी उभा राहिलेला माणूस टेप गुंडाळावी तसा स्वतःला गुंडाळायला निघाला होता. मी आकाशपाताळ एक केलं. शेवटी ते म्हणाले की एक काम हातात आहे, ते संपेपर्यंत थांबतो.

ते काम म्हणजे कादंबरी. महिनोन्‌महिने ते दुपारच्या मंदीत काहीतरी खरडत होते. मला वाटायचं हिशेब करतात. कादंबरीचं नाव 'सातवा खिसा'. सोळा वर्षांची मुलगी, दिवसा शाळेत जाणारी आणि संध्याकाळी देशाची गुप्तहेर. तिच्या कोटाला सहा खिसे सगळ्यांना दिसणारे आणि सातवा कुणालाच न दिसणारा, त्यात बंदराचा नकाशा. तिच्या मदतीला एक म्हातारा घड्याळजी. घड्याळजी केला म्हणजे आपल्याला कुणी ओळखणार नाही, अशी त्यांची समजूत. हा घड्याळजी पहिल्याच प्रकरणात गळ्यात टेप घालून अवतरतो.

"तिच्यासाठी लिहिलंय," ते मला म्हणाले. "तिला सांगायचं नाही कुणी लिहिलंय ते. सांगितलं तर ती मन राखायला छान म्हणेल."

आमची कन्या आणि मन राखणार. 

"तिला आवडलं तर मी राहतो, सूनबाई. म्हणजे आमच्यात अजून काहीतरी शिल्लक आहे असं समजेन. नाही आवडलं तर समजेन, पोर मोठी झाली. मग ट्रंक भरतो."

मी कपाळाला हात लावला. जिला सकाळी आवडलेला शर्ट दुपारी बघवत नाही, अशा मुलीच्या आवडीवर या माणसाने स्वतःचं राहणं-जाणं टांगलं होतं. मी रागावले, विनवण्या केल्या, जेवण करणार नाही अशी धमकीही दिली. त्यांनी मला शपथ घ्यायला लावली, की मी ताकास तूर लागू देणार नाही. आणि मी मूर्खासारखी ती घेतली.

पुस्तक छापलं आमच्या गल्लीतल्या छापखानेवाल्याने. त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी कामातलं उरलेलं चित्र मुखपृष्ठावर स्वस्तात टाकून दिलं: धुरळा उडवत भन्नाट निघालेली मोटारसायकल. कादंबरीत मोटारसायकल नाही. एक सायकल आहे, तीही पंक्चर. लेखकाचं नाव 'वादळ'. शेजारच्या मांजराला बिचकून रस्ता ओलांडणारा माझा सासरा 'वादळ'. वर त्या छापखानेवाल्याचं पुस्तक शिवायचं यंत्र ऐन वेळी बिघडलं, आणि तो दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसला. सासऱ्यांना कुठला धीर. त्यांनी सगळे छापील कागद दुकानात आणवले आणि जाड कोटांच्या मशीनवर स्वतः शिवले. गडद निळा दोरा, सरळ रेघ, आणि शिवण संपताना त्यांचे ते तीन उलट टाके. बाकीचे शिंपी शेवटी मशीन एकदा मागे घेतात. हे तीनदा घेतात. उसवायला घेतला की गिऱ्हाईक कंटाळतं, पण टाका हलत नाही.

मग सुरू झाले अभिप्राय.

मुलीच्या हातात देण्याआधी इतरांना कसं वाटतं ते बघावं, असं त्यांनी ठरवलं. कोट शिवायला टाकणाऱ्या प्रत्येकाला कापडाच्या पावतीबरोबर एक पुस्तक. "कुणी नवीन लेखक आहे, वाचून बघा." आणि अभिप्राय घ्यायची वेळ कुठली, तर ट्रायलची. गिऱ्हाईक स्टुलावर उभं, हात आडवे, बगलेत टाचण्या, मानेपाशी टाचण्या, हललं की टोचणार. अशा वेळी सासरे शांतपणे विचारायचे, "मग, ते पुस्तक कसं वाटलं?"

अंगात टाचण्या असताना कुणाचीही टीका करायची छाती होत नाही. सगळे उत्तम म्हणायचे. नोकरीच्या मुलाखतीसाठी पहिलावहिला सूट शिवणारा एक तरुण तर इतका भारावला की मीच घाबरले. अशी कादंबरी या भाषेत झाली नाही, म्हणाला. त्याची पँट अजून कापायची होती. गाडी शिकवणारे एक गृहस्थ तेवढे जरा घुटमळले. बरं आहे, म्हणाले, फक्त मोटारसायकल कधी येते याची ते शेवटच्या पानापर्यंत वाट बघत होते, आणि पुस्तक मिटल्यावरही थोडा वेळ बघत होते. सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यात आणखी एक टाचणी लावली. "पण नाही आली ते बरंच झालं," असं ते लगेच म्हणाले.

शेवट मात्र सगळ्यांनाच फार आवडला होता. मोहीम फत्ते होते, मुलगी घरी येते, आणि म्हातारा घड्याळजी तिला न सांगता धुक्यात होडीत बसून निघून जातो. आता तिला आपली गरज नाही, असं मनाशी म्हणत. हृदय पिळवटून निघालं, असं जो तो सांगायचा आणि सासरे माझ्याकडे बघून मान हलवायचे. माझं हृदय वेगळ्याच कारणाने पिळवटत होतं. मला ती होडी कुठल्या गावाला चाललीय ते ठाऊक होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाई ट्रायलला आल्या तेव्हा त्यांनीही शेवटाचं तोंडभरून कौतुक केलं. सासरे आत खडू आणायला गेल्यावर त्या मान न हलवता मला हळूच म्हणाल्या, "माणसाला उत्तर देता येत नाही तेव्हाच त्याला प्रश्न विचारायचे, हे मीपण करते हो. तोंडात सगळी हत्यारं घालून मुलांच्या अभ्यासाचं विचारते."

मी विचारलं, पुस्तक कुणाचं ते कळलं का.

"अहो, त्याच्या पाठीवर तीन उलट टाके आहेत. माझ्या मागच्या कोटाच्या पाठीवरपण तेच आहेत. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

म्हणजे वादळ कोण, हे वादळ सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी ते सासऱ्यांना सांगितलं नाही. इतक्या कौतुकाने त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. मांजराला वळसासुद्धा लहान घालत होते. आणि आमच्या कन्येला कळलं असेल अशी भीती मला नव्हती. तिला स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटण महिनाभर दिसत नाही, टाके कुठले दिसायला.

शेवटी पुस्तक तिच्या उशीवर ठेवलं. कुणी ठेवलं माहीत नाही, असा चेहरा करून मी दिवसभर वावरले. तिने ते उचललं, उलटंसुलटं बघितलं आणि खिडकीत ठेवलं. आठवडा गेला, पुस्तक खिडकीतच. मी ते आरशापाशी ठेवलं. तिने वेणी घालून झाल्यावर बाजूला सारलं. मी तिच्या शाळेच्या पिशवीत घातलं, ते परत आलं की नाही, हे बघायला पिशवी उघडली तर म्हणाली, "आई, माझ्या पिशवीत हात घालायचा नाही." जाड जाड हेरकथा दोन दिवसांत फस्त करणारी मुलगी, आणि आजोबांच्या चोपड्याकडे ढुंकून बघेना. एकदा तर मी थेट म्हटलं, ते मोटारसायकलवालं वाच की, लोक फार छान म्हणतात. ती म्हणाली, लोक काहीही म्हणतात. माझ्या नवऱ्याला म्हटलं, तू तरी तिला सांग. त्याने पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठ बघितलं, म्हणाला, "गाडी चांगली आहे."

सासरे रोज संध्याकाळी वर यायचे आणि खिडकीत परत येऊन पडलेल्या पुस्तकाकडे बघायचे.  मग एके दिवशी त्यांनी माळ्यावरून ट्रंक उतरवली. मी विचारलं तर म्हणाले, उत्तर न देणं हेही उत्तरच. आत्यांना फोन केला, येत्या रविवारी येतो म्हणून. फोनमधून आत्यांचा आनंद मला स्वयंपाकघरात ऐकू आला, आणि त्या भल्या बाईचा मला इतका राग आला की भांडी आपटून आपटून घासली.

जाण्याआधी त्यांनी नातीसाठी एक कोट शिवायला घेतला. राखाडी, जाड कापडाचा. त्यात काय आहे ते मला सांगणार नाही म्हणाले, पण अस्तर मीच लावत होते. सातवा खिसा माझ्याच हातात आला. मी तो खिसा शिवताना रडले, आणि सुई बोटात गेली म्हणून रडले असं सांगितलं.

शनिवारी दुपारी ट्रायल. कन्या खाली आली, कित्येक दिवसांनी. दाराशी ट्रंक उभी होती. तिच्यावरून नजर फिरवून ती स्टुलावर चढली. सासऱ्यांनी कोट चढवला, खांदा धरला, बाही धरली, टाचण्या लावायला सुरुवात केली. बगलेत, पाठीवर, मानेपाशी. सगळ्या गल्लीला ज्या घडीला त्यांनी प्रश्न विचारला होता ती घडी आली, आणि हे तीच बाही पुन्हा मोजू लागले. तोंडात टाचण्या तशाच.  माझी सहनशक्ती संपली.

"ते पुस्तक वाचलंस का गं?" मी विचारलं. शपथ सांगायचं नाही अशी होती. विचारायचं नाही अशी नव्हती.

"वाचलं," ती म्हणाली.

सासऱ्यांचा हात थांबला.

"मग?"

"नाही आवडलं."

आजवर त्या स्टुलावर, अंगात टाचण्या असताना, असं कुणी म्हटलं नव्हतं.  इतकं होऊनही मला वाटलं, आता ही थांबेल. पण ती थांबली नाही. हात आडवे पसरलेले, मान ताठ, नजर समोरच्या बेकरीवर, आणि तोंड चालू. तिसऱ्या प्रकरणात बॉम्ब टिकटिकतोय आणि लेखक चार पानं अस्तर समजावून सांगतोय. खलनायक बँकवाल्याच्या वेषात येतो, तर मुलगी त्याला कशावरून ओळखते, तर डावा खांदा उतरता आहे यावरून; मग जगातले निम्मे लोक खलनायक. मुखपृष्ठावर मोटारसायकल आहे आणि आत पंक्चर सायकल, ही सरळसरळ फसवणूक. नायिका सोळा वर्षांची आहे आणि अख्ख्या पुस्तकात ती एकदाही कुणावर चिडत नाही. ही कुठली सोळा वर्षांची? सासरे एकेका वाक्याला मान हलवत होते, जणू माप लिहून घेत होते.

"आणि शेवट," ती म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "शेवट तर साफ चुकलाय. म्हातारा निघून जातो. कुणाला न विचारता. का जातो?"

सासऱ्यांनी तोंडातल्या टाचण्या एक एक करून तळहातावर काढल्या. "तिला गरज नसते म्हणून," ते म्हणाले. "तसं लिहिलंय."

"तिने सांगितलं का तसं?"

"नाही. पण..."

"मग?" ती वळली. टाचण्या टोचल्या असणार. तिने दाद दिली नाही. "मी पहिल्या दिवशीच ओळखलं. शिवणीवर तीन उलट टाके होते. माझ्या सगळ्या दप्तरांवर तेच होते. मुद्दाम नाही वाचलं. नाही आवडलं तर तुम्हाला तोंड कसं दाखवू असं वाटलं. मग ट्रंक खाली आली, म्हणून शाळेच्या बसमध्ये वाचलं. आणि ती होडी आली, आणि मला इतका राग आला, सगळ्या बससमोर रडले."

 मग ती स्टुलावरून, लहानपणी टेबलाखालून यायचा तसल्याच आवाजात म्हणाली, "हस्तक, जायची परवानगी घेतलीस का तू?"

माझे सासरे तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसले. वय झालंय, आता पटकन बसवत नाही. टेबलाला धरून बसले.

"नाही, चीफ."

"मग ट्रंक वर ने. आणि शेवट बदल."

"तुला खोली हवी होती ना," ते हळूच म्हणाले.

"मी दार म्हटलं होतं. खोली कधी म्हटलं? कुणी विचारलंच नाही मला." आणि मग एकदम अहो-जाहोवर येऊन, "आजोबा, आता काढा हे. फार टोचतंय."

मी आत जाऊन पोटभर रडले. सुईचं कारण सांगायचीही गरज पडली नाही.

पुढचं सगळं आमच्या घराला शोभेल असंच झालं. सासऱ्यांनी बोळकंडीच्या टोकाला जाड, दुहेरी अस्तराचा पडदा शिवला, खाली वजनं घालून, म्हणजे वाऱ्याने हलायला नको. पडद्यावर टकटक कशी करणार, म्हणून कडेला एक लाकडी पट्टी शिवून टाकली. त्या पट्टीवर टकटक केल्याशिवाय आता घरात कुणी त्या बाजूला जात नाही. पडद्याला एक खिसा आहे म्हणतात, मला अजून सापडलेला नाही. कोट मात्र तिने हिवाळाभर अंगावरून उतरवला नाही.

मग त्यांनी कादंबरी दुरुस्तीला काढली. गिऱ्हाइकांकडून सगळी पुस्तकं परत मागवली, शेवटाची शिवण उसवली, जुनी पानं काढली, नवी छापून आणली आणि पुन्हा शिवली. घड्याळजी होडीत बसतो, अर्ध्या वाटेवर त्याला चीफचा हुकूम येतो आणि तो परत फिरतो. मोटारसायकलवर. ही मोटारसायकल भर समुद्रात कुठून येते, हे वादळाला विचारायची सोय नाही. नायिका आता तीनदा चिडते, तिन्ही वेळा अगदी ओळखीच्या शब्दांत. अस्तराची चार पानं तशीच आहेत. ती काढायला ते तयार झाले नाहीत.

दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांचं पुस्तक घेऊन गेल्या आणि पुढच्या ट्रायलला म्हणाल्या, शेवट असाच हवा होता, त्या तेव्हाच सांगणार होत्या. गाडी शिकवणारे गृहस्थ समाधानी आहेत. चीफने नवा शेवट वाचून "ठीक" म्हटलं, आणि त्या एका शब्दावर माझे सासरे आठवडाभर गुणगुणत कापड कापत होते.

आत्यांचे फोन येतात. सणसणीत बोलतात, मला बहीण-भावाची ताटातूट करणारी म्हणतात. मी ऐकून घेते, आणि त्यांनाच इकडे राहायला बोलावते. ट्रंक परत माळ्यावर गेली आहे. तिच्यावर मी जुनं, बंद पडलेलं, बिडाचं शिलाई मशीन ठेवून दिलंय. ते हलवायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक माणूस मी आहे.